माझ्या फॉर्मवरून उतरवलेली मुलगी

मार्च आला की इथे अमेरिकेत, कॅरी गावातले आमचे एक काका जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात आणि ओळखीतल्या निम्म्या लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. माझे यजमान गेले त्या वर्षी माझे कागद त्यांनीच लावून दिले, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. म्हणून दरवर्षी मी पुरणपोळ्यांचा डबा नेते आणि ते बोट ठेवतील तिथे सही करते. आठवीत शाळा सोडली मी. सही तेवढी झोकदार येते.

यंदा ते म्हणाले, "वहिनी, लेक कमवायला लागली. आता तिला डिपेंडंट दाखवता येत नाही. सुटलात."

माझ्या फॉर्मवरून तिचं नाव गेलं. तिच्या फॉर्मवर, ही कोणावर अवलंबून नाही, असं झालं. दोन्ही फॉर्म सरकारकडे गेले. मी थँक्यू म्हणाले.

घरी येईपर्यंत डोकं तापलं. कोणावर अवलंबून नाही? मग इंडियन दुकानाच्या किचनमध्ये रोज चारशे पोळ्या लाटते त्या कोणासाठी? पोरगी कॉलेजच्या लायब्ररीत आठवड्याला बारा तास पुस्तकं लावते, त्यात तिचं पेट्रोल निघतं. फी, भाडं, गाडीचा विमा, दातांचा डॉक्टर, सगळं मी. पण मी हे तिथे बोलले का? नाही. फुकट काम करणाऱ्याला प्रश्न विचारायचा नसतो, हे कोणी शिकवलं कोण जाणे.

नाव गेलं तशी तिच्या फीवर मिळणारी टॅक्सची सूटही गेली. लेक म्हणाली, "इट्स ओके मम्मी, एक सेमिस्टर ब्रेक घेते. फुल टाइम काम करते."

मीही एकच वर्ष म्हणून शाळा सोडली होती.

"ब्रेकबिक काही नाही," मी ओरडले. "नियम काय आहे तो वाच."

तिने फोनवर सरकारी पान काढलं आणि वाचून मराठीत सांगितलं. चोविशीच्या आतली, पूर्ण वेळ शिकणारी, आईच्या घरातली मुलगी कमावती असली तरी चालते. निम्म्याहून जास्त खर्च तिचा तिने उचललेला नसला म्हणजे झालं.

रविवारी लेकीला घेऊन काकांकडे गेले. डबा नेला होता, सवयीने. पण टेबलावर ठेवला नाही, मांडीवर धरून बसले.

तिचं नाव परत घाला म्हटलं, तर काका हसले. "वहिनी, वीस वर्षं करतोय मी हे. तुमचं शिक्षण किती?"

"आठवीत सुटलं," मी म्हटलं. "पण तिला पोसतं कोण ते मला माहीत आहे. तुम्ही विचारलंत का?"

लेकीने फोन पुढे सरकवला. "काका, प्लीज रीड धिस." त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं. मग कोरडेपणाने म्हणाले, "आधी हिचा फॉर्म दुरुस्त करावा लागेल. मग तुमचा. वेळ लागेल."

"बसते की."

दोन तास बसले. उद्या यांनी आमचे कागद हातात घेतले नाहीत तर, हेही मनात होतं. शेवटी त्यांनी बोट ठेवलं. मी सही केली नाही. लेकीला म्हटलं, "वरपासून वाच. मला कळेल असं."

तिने वाचलं. तिचं नाव माझ्या नावाखाली होतं. मग सही केली, आणि डबा टेबलावर ठेवला. पोळ्या गार झाल्या होत्या.