मिसबाईंचं घराणं

आमच्या शेजारच्या मिसबाई आपल्या पणजोबांबद्दल वर्तमानकाळात बोलायच्या. "पणजोबांना उशीर खपत नाही," असं त्या म्हणाल्या, की ते आतल्या खोलीतून काठी घेऊन येतील असं वाटायचं. त्यांना जाऊन शंभरेक वर्षं झाली होती.

दोन हजार तीन साली मी नोकरीसाठी पुण्याहून न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला आलो, तेव्हा मिसबाई ऐंशीच्या होत्या. पणजोबा मेथडिस्ट धर्मोपदेशक, आजोबा हेडमास्तर, वडील दोन्ही. या निवृत्त, अविवाहित शिक्षिका घराण्यातल्या शेवटच्या. त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला जाताना ऑफिसातल्या एकाचं ऐकून मी भारीतली वाइन नेली. बाटली घेऊन त्या म्हणाल्या, "थँक यू. पणजोबांनी जन्मभर दारूविरुद्ध प्रवचनं केली. पण तुझी भावना पोचली." त्या दिवशी मी पाणीसुद्धा चोरट्यासारखं प्यायलो.

पुढची फजिती मोठी. माझ्या सात वर्षांच्या ईराला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. मी ऐटीत सांगितलं, "वर्षभरात मराठी सुटलं! ॲक्सेंट तर अगदी किवी!" आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

मिसबाईंनी कप खाली ठेवला. "आजोबांच्या शाळेत माओरी, म्हणजे इथली मूळची भाषा, बोलणाऱ्या मुलांना छड्या बसायच्या. आजोबा दुष्ट नव्हते. मुलांचं भलं करतोय अशी त्यांची खात्री होती." पुन्हा कप उचलत म्हणाल्या, "तुझीही आहे."

त्या स्वतः सत्तरीत माओरी शिकायला बसल्या होत्या. "वर्गात सगळ्यात ढ मीच," असं हसून सांगायच्या.

घरी येऊन मी बायकोसमोर चडफडलो, "म्हातारीला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त," ती म्हणाली.

शनिवारी मिसबाई वही घेऊन दारात. ईराला विचारलं, "मला तुझी भाषा शिकवशील?" शिकवायचं म्हणजे आधी स्वतःला यायला हवं. ईरा माझ्यामागे फिरू लागली. "बाबा, सॉरीला मराठीत काय?" मला पटकन आठवेना. मिसबाईंना 'ळ' काही जमेना, तेव्हा एकदा त्यांनी कवळीच काढून पाहिली. ईरानं लगेच त्यांना 'कवळी' हा शब्द शिकवला.

चार वर्षं शनिवार चुकला नाही. मग एका जुलैत मिसबाईंना हॉस्पिटलात नेलं आणि आठवड्यानं सकाळीच फोन आला. ईरा शाळेसाठी बूट घालत होती. कसं सांगावं, मला सुचेना.

"ईरा, मिसबाई एक्सपायर झाल्या."

तिनं नाडी हातातून सोडली. मग बाहीनं डोळे पुसून म्हणाली,

"बाबा, एक्सपायर दूध होतं. मिसबाई गेल्या म्हण."