अकरावा फोटो

रेवणप्पाच्या घरात भिंतीवर महादेवीवहिनींचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले आहेत. आमच्या अख्ख्या गल्लीत ज्याच्याकडे कॅमेरा होता, त्याच्याच बायकोचा जिवंतपणीचा एक फोटो नाही म्हटल्यावर लोक आधी हळहळतात आणि मग रेवणप्पाला नावं ठेवतात. ठेवोत बापडे. मीही पूर्वी पुष्कळ ठेवली आहेत. आता मला तो अधिकार राहिलेला नाही, आणि तो का राहिला नाही तेच सांगायला बसलो आहे.

रेवणप्पा आणि मी सोलापुरातल्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात शेजारी शेजारी बसायचो. मी करमाळ्याकडचा मराठा गडी, तो इथलाच लिंगायत. कामगारांची हजेरी मांडायची आणि उशिरा आलेल्यांच्या शिव्या खायच्या, एवढंच काम. अडुसष्ट साली गिरणीतले एक जुने साहेब सोलापूर सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या सामानातला कॅमेरा यानं घेतला. वर एक भिंग, खाली एक भिंग. छातीशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या काचेत बघायचं. काचेत चित्र झकास दिसायचं, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. रुंद फिल्मचा रोल, त्यावर चौकोनी बारा फोटो. बारा म्हणजे बारा, तेरावा नाही.

मान खाली घालून उभा राहिला की तो कुणाला तरी नमस्कार करतोय असंच वाटायचं. गिरणीतले लोक त्यावरून त्याची टिंगल करायचे. तो कसले फोटो काढायचा? रंगवून वाळत घातलेल्या सुताच्या लडी आणि त्यांच्या जमिनीवर पडलेल्या सावल्या. तलावात डुंबणाऱ्या म्हशी. गिरणीच्या चिमणीचा नुसता वरचा तुकडा. मी एकदा म्हणालो, "अरे, माणसांचे काढ की. सुताचा फोटो कोण भिंतीवर लावणार?" तो म्हणाला, "भिंतीवर लावायला न्हाय काढत. बघायला काढतो." असल्या उत्तरानं माझं डोकं फिरायचं.

आमचं खरं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून व्हायचं. त्या कॅमेऱ्यात एक फोटो झाला की बाजूची चावी फिरवून फिल्म पुढं गुंडाळावी लागे. मागच्या बाजूला एक बारकी लाल खिडकी होती, तिच्यात पुढच्या फोटोचा आकडा दिसेपर्यंत. नाही गुंडाळली तर नवा फोटो जुन्याच्याच अंगावर बसायचा, कॅमेरा काही अडवायचा नाही. नवी पेठेतल्या स्टुडिओवाल्यानं सांगितलं होतं की फोटो काढला की लगेच गुंडाळायची सवय लावा. रेवणप्पाची रीत बरोबर उलटी. फोटो काढल्यावर तो कॅमेरा तसाच ठेवायचा आणि पुढचा काढायच्या ऐन वेळी गुंडाळायचा. आधी गुंडाळून ठेवली तर आपल्या उन्हाळ्यात फिल्म आत सैल पडते आणि फोटो अस्पष्ट येतो, असं त्याचं म्हणणं. "एखाद्या दिवशी विसरशील," मी म्हणायचो. आठ वर्षांत तो एकदाही विसरला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्याचा हा छंद लोकांनी त्याच्या हातून कसा काढून घेतला ते आता सांगतो. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, फुलांचे हार घालून भिंतीशी बसवतात, आणि बसलेलंच पुरतात. त्या बसलेल्या माणसाभोवती घरचे सगळे बसतात आणि फोटो काढतात. कितीतरी घरांत आजोबाचा किंवा आजीचा तेवढाच एक फोटो असतो. सत्तर साली शेजारच्या कल्लप्पाची आई चंद्रव्वा गेली. स्टुडिओवाला नेमका गावाला गेलेला. कल्लप्पा रडत रेवणप्पाच्या दारात आला आणि रेवणप्पा कॅमेरा घेऊन गेला. फोटो इतका चांगला आला की म्हातारी नुसती डोळे मिटून जप करत बसली आहे असं वाटावं. झालं. त्या दिवसापासून कुणाकडे काही झालं की आधी विधी करणाऱ्या स्वामींना निरोप, मग रेवणप्पाला. त्यानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही, आणि कधी कुणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला शिकला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्याच सुमाराला महादेवीवहिनींनी मागणी केली. मी त्यांच्याकडे भाकरी-शेंगाचटणी खात बसलो होतो. आधी त्यांनी मला वाढलं, मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "अवो, मेल्यावर तर तुमी माझा फोटो काढालच. एकदा डोळं उगडं असताना काढा की."

रेवणप्पा ओशाळला. म्हणाला, "काढतो. या रोलमधला शेवटचा तुझा."

त्या दिवसापासून प्रत्येक रोलमधला बारावा फोटो वहिनींचा असं ठरलं. आणि तो त्यांना कधीच मिळाला नाही. दुष्काळाच्या त्या दोन-तीन वर्षांत रोल मिळायची मारामार, स्टुडिओवाला चार-चार महिने रिकामे हात दाखवायचा. कॅमेऱ्यात एकच फोटो उरलेला असायचा आणि नेमकं कुणीतरी जायचं.

एका संक्रांतीला तर मी डोळ्यांनी बघितलं. वहिनी गड्ड्याच्या जत्रेला निघायच्या म्हणून नवं इरकल नेसल्या होत्या. अंगणात स्टूल मांडला, त्या पदर सारखा करून बसल्या. रेवणप्पानं चावी फिरवली, खिडकीत बाराचा आकडा आणला, मान खाली घातली. तेवढ्यात गल्लीतला बसप्पा दारात येऊन उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ सकाळी गेला होता. बसप्पा नुसता कॅमेऱ्याकडे बघत राहिला. रेवणप्पानं मान वर करून वहिनींकडे पाहिलं.

"जावा," वहिनी म्हणाल्या. "त्यो काय थांबणार हाय का? मी कुटं पळून चालले?"

आणि स्टूल उचलून आत घेऊन गेल्या. मला इतका राग आला की मी बसप्पाशी धड बोललोही नाही. त्याचा भाऊ मेलेला आणि मी त्याच्यावर चिडलेला, असा मी माणूस.

शहात्तरच्या पावसाळ्यात वहिनींचं पोट दुखायला लागलं. दिवाळीपर्यंत निम्म्या राहिल्या. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी रेवणप्पाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच न्या, हवं ते खाऊ घाला. त्यांना मूलबाळ नव्हतं. रेवणप्पा रजा टाकून घरी बसला, स्वतः भाकरी थापायला लागला, आणि ती इतकी वाईट व्हायची की वहिनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या.

एका सकाळी मी गेलो तर तो म्हणाला, "कुंडलिक, आज काढू. दोन शिल्लक हायत, अकरावा आन बारावा."

आम्ही दोघांनी वहिनींना धरून अंगणात आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. उन्हामुळे चेहऱ्याची एक बाजू काळी पडत होती, म्हणून त्यानं मला एक धुतलेलं पांढरं धोतर दोन्ही हातांनी पसरून धरायला लावलं. त्याचा उजेड वहिनींच्या तोंडावर पडायला हवा होता. "आनखी वर. आनखी वर," करत त्यानं ते माझ्या डोक्याच्याही वर न्यायला लावलं. मला समोर फक्त धोतर दिसत होतं. त्यानं चावी फिरवली, आकडा आणला, मान खाली घातली, आणि मग त्याचं सुरू झालं. हनुवटी जरा खाली, नको, वर. पदर जरा अलीकडे. माझे हात दुखायला लागले आणि मी धोतरामागून बडबडायला लागलो.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "साकु! साकु की आता, किती बगताय!" त्यांना पुरे म्हणायचं असलं की कानडीच यायचं तोंडात. आणि खटका वाजला.

मी धोतर खाली घेतलं तेव्हा वहिनी धापा टाकत होत्या. रेवणप्पाचा चेहरा मात्र असा उजळला होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. "हसली," तो म्हणाला. "नेमकी हसली तवाच दाबलं."

"मग आता लगेच गुंडाळ, आणि बारावाही काढून टाक, आणि धू रोल," मी म्हणालो.

"आता ती दमली. बारावा जरा बरी झाली की काढू." त्यानं कॅमेरा तसाच कोनाड्यात ठेवला. बरी झाली की! त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तरी म्हणाला, आणि मला वाद घालवेना.

अकराव्या दिवशी सकाळी महादेवीवहिनी गेल्या.

मी पोचलो तेव्हा वहिनींना बसवलं होतं. तेच इरकल, कपाळभर विभूती, शेवंतीचे हार, मान पडू नये म्हणून मागून बांधलेली पट्टी. अक्कलकोटकडून त्यांचा भाऊ मल्लप्पा आला होता. तो म्हणाला, "फोटो काढायचा न्हवं? दाजी, तुमाला तर अक्काशेजारी बसाय पायजे. काढणार कोन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या घरांत रेवणप्पाबरोबर स्टँड उचलून गेलेला मीच होतो. रेवणप्पानं कोनाड्यातून कॅमेरा काढला, स्टँडवर बसवला, अंतर लावलं, उजेडाचं लावलं. त्याचे हात हे सगळं आपोआप करत होते, तो स्वतः तिथं नव्हता. मग मला म्हणाला, "तू फकस्त दाब," आणि जाऊन वहिनींच्या शेजारी बसला.

मी फक्त दाबलं.

आणि मग, आयुष्यभर त्याला जे शिकवत आलो होतो ते इमानदारीनं केलं. लगेच चावी फिरवली, लाल खिडकीत बाराचा आकडा नीट मधोमध आणला. मल्लप्पा म्हणाला, "आनखी एक घ्या, एक बिगाडला तर?" मी खिडकीत बघितलं आणि म्हणालो, "आहे की एक." आणि बारावाही काढला. कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता, मग दोन कसे निघाले, हे मला त्या वेळी सुचलं नाही. रेवणप्पालाही सुचलं नाही. तो वहिनींचा हात धरून बसला होता.

वहिनींचा बारावा दिवस झाल्यावर त्यानं रोल घरीच धुवायला घेतला. भर दुपारी मोरीच्या खिडकीला घोंगडी लावली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मी बाहेर ओसरीवर बसलो होतो, कारण मलाही तो अकरावा बघायचा होता. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग तो ओली फिल्म दोन्ही हातांत धरून बाहेर आला आणि उन्हाकडे करून बघायला लागला. सुताच्या लडी. म्हशी. कुणाकुणाची बसवलेली माणसं. अकराव्यावर त्याचा हात थांबला.

मीही उठून बघितलं. निगेटिव्हवरही मला कळलं. भिंतीशी टेकलेल्या वहिनी आणि त्यांच्याच अंगावर हार घातलेल्या वहिनी. तोंडाच्या जागी हार, हारात पट्टी, आणि मधे रेवणप्पाचं डोकं. डोळे कुठले, ओठ कुठले, काही लागत नव्हतं. त्याच्या खालचा बारावा अगदी स्वच्छ आला होता.

"कुंडलिक," तो फार हळू म्हणाला, "दाबायच्या आदी गुंडाळलंस का?"

मी खोटं बोललो असतो, पण फिल्म त्याच्या हातात होती. "नंतर गुंडाळलं," मी म्हणालो.

मला वाटलं, आता हा मला मारणार. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फिल्म दोरीला चिमट्यानं लावली आणि म्हणाला, "तुजी रीत येगळी हाय. मीच सांगायला पायजे हुतं." माझ्या अंगावर तो यापेक्षा मोठं ओझं टाकू शकला नसता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

मल्लप्पाला बाराव्याचा मोठा फोटो हवा होता. रेवणप्पानं दोन करून घेतले, एक त्याला दिला, एक भिंतीवर लावला. नंतर कॅमेरा कधी काढला नाही. कुणी दारात आलं की रोल नाही म्हणायचा. शेवटी नाही म्हणायला शिकला.

काल, म्हणजे वर्षश्राद्धासारखं त्यांच्यात जे काही करतात ते झाल्यावर, आम्ही दोघंच ओसरीवर बसलो होतो. त्यानं अकराव्याचा एक फोटो केला होता, मला आजवर दाखवला नव्हता. तो त्यानं माझ्या हातात दिला. मी कितीही बघितलं तरी काळं-पांढरं कालवलेलं दिसत होतं.

"मला आता आठवंना झालंय," तो म्हणाला. "मी काचेत बगत हुतो. तितं एवढंसं दिसतं, आन तेबी उलटं. तू समोर हुतास. तू सरळ बगितलंस. ती हसली हुती न्हवं?"

मी धोतर धरून उभा होतो. मला धोतराशिवाय काही दिसलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "लई हसल्या होत्या."

"कशी?" रेवणप्पानं विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.