लाल गालिच्यावर हलव्याचा हार

बाबा गेल्यावर आईने राखाडी रंग धरला. तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि आमच्याकडे तशी काही रीतही नाही. पुण्याचं घर आवरताना तिने आपल्या चांगल्या साड्या बहिणींना, भाच्यांना वाटून टाकल्या. मग राखाडी, धुरकट, बिस्किटी अशा मोजक्या साड्या घेऊन ती बंगळूरला, बेळ्ळंदूरच्या माझ्या फ्लॅटवर राहायला आली. बाल्कनीत बसली, की ती कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळायचं नाही. मला त्या साड्यांचा संताप यायचा.

त्याहून संताप यायचा तो तिच्या बोलण्याचा. कुंडीत लिंबाचं रोप लावू म्हटलं, की "फळ धरेपर्यंत कोण बघतंय?" पुढच्या वर्षी मावशीकडे जाऊन येऊ म्हटलं, की "पुढच्या वर्षीचं कोणी पाहिलंय?" तशी ती रडत नव्हती, आजारी नव्हती. जेवत होती, शब्दकोडं सोडवत होती, माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवत होती. फक्त 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द तिने साड्यांबरोबरच कोणाला तरी देऊन टाकले होते.

गेल्या डिसेंबरात सोसायटीच्या ग्रुपवर संक्रांतीच्या कार्यक्रमाचं फर्मान आलं. ते काढणारी कमिटीची बाई आमच्याच मजल्यावरची. कन्नड, मनाने चांगली, पण उत्साह असा, की लिफ्टमध्येही सूचना देत असते. या वेळी क्लबहाउसच्या दारापासून स्टेजपर्यंत लाल गालिचा अंथरायचा होता. त्यावरून बायकांनी नटून चालायचं, फोटो काढून घ्यायचे, माइकवर दोन शब्द बोलायचे. विषय होता 'या सीझनचे रंग'. सोबत सिनेमाच्या पुरस्कार सोहळ्यांतले नट्यांचे फोटो. एकीचा गाउन कॉफीच्या रंगाचा, दुसरीचा बिस्किटी, बाकी सगळ्या राखाडीच्या निरनिराळ्या छटांत. कानात एखादा मोती, गळा रिकामा. ठसठशीत दागिने घालाल तर जुनाट दिसाल, असा एकंदर सूर होता.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ती बाई आईकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आंटी, सुपर! एकदम इस सीझन का कलर! आप को तो रेड कार्पेट पे आनाच है."

आई कसनुशी हसली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या रंगात माझी आई मिटून बसली होती, त्याला हे लोक फॅशन म्हणत होते. मी तिथल्या तिथे ठरवलं, की आई त्या गालिच्यावरून चालेल, पण राखाडीत नाही. ती काळी चंद्रकळा नेसेल आणि अंगभर हलव्याचे दागिने घालेल. ती साडी बाबांनी घेतलेली. वाटपातून ती तेवढी कशी सुटली, हे मी आईला कधी विचारलं नव्हतं.

हलव्याचे दागिने हे आमच्या घरचं थंडीतलं काम होतं. संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून साखरेच्या काटेरी दाण्यांचे दागिने घालतात. पेठेतल्या कितीतरी सुनांचे दागिने आईच्या हातचे. ती हलवा करायची आणि बाबा ऑफिसातून आले, की चष्मा कपाळावर चढवून एकेक दाणा जरीच्या दोऱ्याच्या गाठीत अडकवत बसायचे. डिझाइन कोणाचं यावरून दोघांचं दर वर्षी वाजायचं.

मी विषय काढताच आईने उडवून लावलं. "नव्या सुनेचे असतात ते. मी काय नवी सून आहे?"

"होतीस तेव्हा घातले होतेस?"

मग शब्दकोड्यातून मान वर न करता तिने सांगितलं. लग्न झालं त्याच वर्षी तिचे आजेसासरे वारले, म्हणून वर्षभर घरात सण नव्हता. दुसऱ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, आता कसले, ते पहिल्याच वर्षी असतात. त्याच संक्रांतीला तिने शेजारच्या सुनेसाठी पहिल्यांदा दागिने केले. "आवडीने केले हो," आई म्हणाली. "उगाच रडगाणं करू नकोस त्याचं."

इतकी वर्षं मी तो हलवा चोरून खाल्ला, पण हे मला ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि त्यामुळे आवाज आणखी चढला. "मग तू अजून नवी सूनच आहेस. तुझी पहिली संक्रांत व्हायचीय."

"तुझं तू कर मग. मी हात लावणार नाही."

"नको लावूस."

पुढच्या शनिवारी सकाळी मी परात गॅसवर ठेवली, तीळ टाकले, पाक केला. लहानपणी शंभर वेळा पाहिलेलं काम, त्यात काय अवघड! मी चमचाभर पाक ओतला आणि बोटांनी तीळ फिरवायला लागले. थोड्या वेळात परातीत एक ढेकूळ तयार झालं आणि माझी दोन बोटं भाजली. दुसऱ्या खेपेला दाणे सुटे राहिले, पण काट्याचा पत्ता नाही, सगळे गुळगुळीत. तिसऱ्या खेपेला आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली.

"चिक्की करतेयस का?"

मी आणखी चमचाभर पाक ओतला.

"पंखा बंद कर आधी. आणि एवढा पाक एकदम? चार थेंब टाकायचे, ते सुके सुके होईपर्यंत हात थांबवायचा नाही. सरक तिकडे."

मी सरकले. तिने पदर खोचला, राखाडी पदर, आणि बोटं परातीत घातली. ती दुपारी जेवायलासुद्धा उठायला तयार नव्हती. संध्याकाळी दाण्यांवर बारीक काटा दिसायला लागला तेव्हा तिने मला हाक मारून दाखवला. मी खूश झालेली बघून लगेच म्हणाली, "करून देतेय. घालणार नाही."

"बघू," मी म्हटलं. मीही तिचीच मुलगी आहे.

चंद्रकळेचं ब्लाउज तिला आता ढगळ होत होतं. ते घेऊन मी बनशंकरीच्या एका टेलरकडे गेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, पण घरची बोली मराठी. "स्वल्प आत घेतो अक्का," ते म्हणाले. "सक्रांतीला काळं होय? आमच्या घरातबी नेसतात. खरं, घरातल्या घरातच. भायेर कुणी बघून बोलाया नको म्हणून."

त्यांचं खरंच होतं. कमिटीच्या बाईला कळताच ती आमच्या दारात हजर. "हब्बा के दिन, फेस्टिवल के दिन ब्लॅक? ब्याड, आंटी. हमारे में अच्छा नहीं मानते. और थीम भी देखो ना."

आईच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. तो बघून मी आईच्या पुढे जाऊन दारातच उभी राहिले. म्हटलं, थीम सीझनच्या रंगाचीच आहे ना? थंडीत काळा रंग ऊब धरतो, म्हणून आम्ही याच सणाला काळं नेसतो, एरवी सणाला नाही. तुमच्या नट्यांचा रंग पुढच्या मोसमात बदलेल, आमचा बदलत नाही. याहून सीझनचा रंग कुठला, ते दाखवा. हे सगळं मी माझ्या मोडक्या हिंदीत बरंच मोठ्याने बोलले. बाई विचारात पडली. मग टेबलावरचा एक दाणा उचलून तिने तोंडात टाकला. "सरी, ओके," ती म्हणाली. "लेकिन एंट्री लास्ट में."

दाणे झाले, पण ओवायचे राहिले होते. मी आणलेला दोरा गाठ आवळली की तुटायचा. हार दोनदा ओघळला आणि दाणे सोफ्याखाली गेले. आई बघत होती. मग उठून कपाटाकडे गेली आणि कपड्यांच्या तळातून बिस्किटांचा जुना डबा काढून घेऊन आली. त्यात बाबांच्या जरीच्या दोऱ्याचं रीळ होतं. साड्या वाटल्या, भांडी वाटली, हे मात्र तिने पुण्याहून बरोबर आणलं होतं. तिने रीळ माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच चष्मा कपाळावर चढवून गाठी मारायला बसली. मी समोर बसून दाणे देत राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. तिने फक्त "दाण्यांवर पडेल, काटा विरघळेल," एवढंच म्हटलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी काही न बोलता चंद्रकळा पलंगावर ठेवली. तिने घडी मोडली. मग म्हणाली, "निऱ्या धर."

क्लबहाउसमध्ये एकामागून एक बिस्किटी आणि राखाडी साड्या, गाउन गालिच्यावरून गेले. सगळं अगदी फोटोंसारखं होतं. शेवटी आई आली. काळी साडी, आणि गळ्यात, हातांत, कानांत पांढरे काटेरी दाणे. दारात ती थबकली. मागे वळतेय की काय, या भीतीने मी अर्धी उठले. पण तिने पदर सारखा केला आणि चालत आली, सावकाश, खाली न बघता. माइकवाल्या मुलीने विचारलं, "आंटी, ब्यूटिफुल! कौन से डिझायनर का है?"

आईने हाराला हात लावला. "डिझाइन मेरा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "धागा मेरे मिस्टर का. दोनों का झगडा होता था इस पे."

टाळ्या वाजल्या. कमिटीची बाई रुमाल शोधत होती.

नंतर मला तो हार काचेच्या पेटीत ठेवायचा होता. आईने माझं ऐकलं नाही. "खायचे असतात ते," म्हणत तिने तिथेच गाठी सोडल्या आणि येईल त्याच्या हातावर तिळगूळ म्हणून दाणे ठेवले. पोरांनी बांगड्यांचा फडशा पाडला. दोरा मात्र तिने कमरेला खोचून घरी आणला आणि चंद्रकळेतच बसून तो रिळावर परत गुंडाळायला लागली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी लागेल," ती म्हणाली.

आपण काय बोलून गेलो ते तिला कळलंही नव्हतं. ती रिळावर किती दोरा उरलाय ते उजेडात धरून बघत होती.

"पुरायचा नाही पण. दोघींचे करायचे म्हणजे." तिने माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न झालेलं नाही आणि आता व्हायचंही नाही, हे आमच्या घरात मिटलेलं प्रकरण. "अशी बघत काय बसलीस? मान वर कर, गळ्याचं माप घेऊ दे."