समोरच्या चुलीचा वार

आंबा घाट उतरून एसटी साखरप्याला टेकली, तेव्हाच मला भूक लागली होती. तिथे गरम भजी तळत होते. कंडक्टरने दहा मिनिटं दिली होती आणि सगळी बस उतरून भजी खात होती. मी मात्र खिडकीशी बसून राहिलो. पोट राखून ठेवायचं होतं ना! आमच्या सांगलीच्या बापूने बजावून सांगितलं होतं, "रत्नागिरीला गेलास की मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माईंची खानावळ आहे. दुसरीकडे तोंड घालू नकोस. आणि हे बघ, सकाळी फोन करून जा. हल्ली ते लोक सांगितल्याशिवाय मासळी आणत नाहीत." नंबरही दिला होता. फोन मी केला नाही. खानावळीत जेवायला फोन कशाला करायचा, आपण काय मुलगी बघायला चाललोय?

मी निवृत्त माणूस. फिरतो, खातो आणि खाल्लेल्याबद्दल फोनवर लिहितो. त्या नकाशावर दुकानांखाली लोक तारे देतात आणि चार ओळी लिहितात, तसलं. 'सांगलीचा खवय्या' हे माझं तिथलं नाव. माझं लिहिणं बरेच लोक वाचतात, याचा मला अभिमान होता. होता, असंच म्हणतो.

दसरा उलटला होता आणि दिवाळी अजून यायची होती. पालीच्या पुढे सड्यावर (वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर) गवत सोनेरी झालं होतं आणि ऊन नुसतं भाजत होतं. स्टँडवर उतरलो, रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "पाहुणे दिसत नाहीत ओ यंदा. मिरजोळ्याच्या कारखान्यांत पण काम कमी केलंय. सकाळपासून तुम्ही दुसरे." मी हूं हूं केलं. माझं लक्ष पोटाकडे.

माईंची खानावळ बंद होती. ऐन जेवणाची वेळ, आणि दाराला कडी. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. पायरीवर एक पन्नाशीचा दाढीवाला माणूस मांडीवर जाळं घेऊन ते विणत बसला होता. मी विचारलं, "खानावळ कधी उघडणार?"

"आज माईंचा वार नाय," तो म्हणाला. "समोर बसा जेवायला. तिथे चूल पेटलीय."

समोर हिरव्या रंगाचं एक छोटं हॉटेल होतं. दारात एक मुलगी त्याला हाक मारून म्हणाली, "अब्बा, अम्मी बोलावत्येय." झालं, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे हा समोरच्या हॉटेलचा मालक, आणि दुसऱ्याच्या पायरीवर बसून त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवतोय. भुकेल्या माणसाची अक्कल फार वेगाने चालते, चुकीच्या दिशेने का होईना. मी म्हटलं, "मला कुठे जेवायचं ते मी ठरवीन," आणि तरातरा निघालो. मागून तो काहीतरी सांगत होता, मी ऐकलं नाही.

मग जेवलो कुठे? स्टँडजवळच्या एका मोठ्या हॉटेलात. अर्ध्या हॉलला पडदा लावून पंखे बंद केले होते आणि उरलेल्या अर्ध्यात मी एकटा. पापलेट आहे? नाही. सुरमई? नाही. बांगडा? संपला. कोळंबी होती, ती बर्फातली, रबरासारखी. वेटर बिचारा प्रत्येक 'नाही'ला मान खाली घालत होता. शेवटी हळूच म्हणाला, "साहेब, आणून ठेवलं की टाकावं लागतं. कोणी येतच नाही." त्याचं मला काहीच वाटलं नाही. मी चिडलो होतो तो माईंवर.

तिथेच बसून मी फोन काढला. माईंच्या खानावळीला एक तारा दिला. लिहिलं, "ऐन जेवणाच्या वेळी बंद. धंदा करायची इच्छाच दिसत नाही. खास कोकणी आळस. समोरच्या हॉटेलचा माणूस यांच्याच पायरीवर बसून गिऱ्हाईक पळवतो आणि यांना पत्ता नाही. आपसांतल्या भांडणात पाहुण्यांचे हाल. लांबून येणाऱ्यांनी नाद करू नये." वाचून पाहिलं आणि मला माझीच भाषा आवडली. मग भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन निवांत सूर्यास्त पाहिला. सुरूच्या झाडांत वारा छान होता. शहाळेवाला शहाळी झाकून बसला होता, त्याच्याकडून एक प्यालो. रात्री लॉजवर झोपही उत्तम लागली.

सकाळी जेटीवर गेलो. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता. त्या गर्दीत तो दाढीवाला दिसला. त्याच्याबरोबर दोन बाया होत्या. एक साठीची, नऊवारीत, कपाळाला मोठं कुंकू. दुसरी डोक्यावरून ओढणी घेतलेली. दोघी एकाच टोपलीवर वाकल्या होत्या आणि एकमेकींशी हुज्जत घालत होत्या.

"माई, हा बांगडा कालचा आहे. डोळा बघा त्याचा."

"तुला सगळाच कालचा दिसतो, हसीना. घे तो सौंदाळा मग. पण कालवणाला मला बांगडाच हवा."

माई! मी थबकलो. दाढीवाल्याने मला ओळखलं. "काल आलेले ना तुम्ही? रागावून गेलात," तो हसून म्हणाला. "आज माईंचा वार आहे. या जेवायला. सांगून ठेवा आत्ताच, म्हणजे मासळी तेवढी घेता येईल."

माईंनी वळून पाहिलं. "काल उपाशी गेलात की काय? अरे देवा. इक्बाल म्हणाला होता, एक गृहस्थ आले नि गेले म्हणून. आज या हां. वाट बघते."

मी "येतो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

दुपारी गेलो तेव्हा माईंचं दार उघडं होतं आणि हिरव्या हॉटेलाला कडी होती. आज तिथल्या खुर्च्या उलट्या. माईंच्या स्वयंपाकघरात हसीनाभाभी नारळ खवत बसल्या होत्या, आणि इक्बालभाई पाण्याचे तांबे भरून टेबलांवर ठेवत होते. मी, दोन बँकेतले कारकून आणि एक औषधांचा विक्रेता, एवढेच जेवणारे. पान समोर आलं. तांदळाची भाकरी, तिरफळं (झणझणीत वासाचं, जिभेला मुंग्या आणणारं फळ) घातलेलं बांगड्याचं कालवण, तळलेला सौंदाळा, सोलकढी. पहिला घास घेतला आणि खरं सांगतो, बापू खोटं बोलला नव्हता.

"कुठले तुम्ही?" माईंनी वाढता वाढता विचारलं.

माझ्या तोंडून सांगली निघेना. "तिकडचेच, कोल्हापूरकडचे," मी म्हटलं. आणि मग न राहवून विचारलं, "हे वाराचं काय आहे?"

माई समोरच्या बाकावर टेकल्या. "आमच्याकडे मिरजोळ्याच्या कामगारांचे डबे असायचे. कामच कमी झालं, डबे बंद. हसीनाकडे मुंबईची माणसं यायची, ती यायची थांबली. इक्बाल मस्कतला होता, तिथली कंपनी बंद झाली, तो परत आला. दोन्हीकडे चूल पेटायची, दोन्हीकडे मासळी उरायची नि रात्री आम्ही दोघीच ती खात बसायचो. मग एके दिवशी हीच म्हणाली, माई, आपण वार वाटून घेऊ. एक दिवस माझी चूल, एक दिवस तुमची. ज्या दिवशी जिचा वार, त्या दिवशी दुसरी तिच्या हाताखाली. येणारा माणूस असेल तिथे पाठवायचा."

आतून हसीनाभाभी म्हणाल्या, "वार ठरवताना भांडलो पण. मंगळवारी माईंचा उपास, शुक्रवारी माझ्याकडे नमाजाची गडबड. ते सोडून बाकीचे वाटले."

म्हणजे काल मंगळवार होता. काल माई आत होत्या, त्याच हिरव्या हॉटेलात, उपाशीपोटी माझ्यासाठी नारळ खवत. आणि हा माणूस पायरीवर बसला होता तो माझ्यासारख्याला रस्ता दाखवायला.

"चाललंय म्हणायचं," माई म्हणाल्या. "दिवाळीच्या सुट्टीत जरा श्वास घेता आला असता. कोल्हापूरचा एक बसवाला आहे, गणपतीपुळ्याच्या सहली आणतो. सुट्टीभर रोज एक बस जेवायला आणतो म्हणाला होता. रोज! दोन्ही चुली पेटल्या असत्या एकदम. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणे, तुमच्याबद्दल फोनवर वाईट लिहून आलंय, तुमच्यात भांडणं आहेत, मला लफडं नको. त्याने हमरस्त्यावरचं हॉटेल ठरवून टाकलं."

माझा घास तोंडातच राहिला.

"माझी लेक असते मुंबईला. तिने वाचून दाखवलं. कोण एक खवय्या आहे. आळशी म्हणालाय आम्हाला." माई थोडं हसल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "आळशी म्हणाला त्याचं काही नाही ओ. पण हिचा नवरा गिऱ्हाईक पळवतो म्हणाला. ही काल जेवली नाही."

आतली नारळ खवण्याची खरखर थांबली होती. इक्बालभाई तांबे भरत होते, माझ्याकडे बघत नव्हते. तीच वेळ होती. हात पानावर होता, तोंड रिकामं झालं होतं, आणि एवढंच म्हणायचं होतं की तो मी. त्याऐवजी माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"लोकांना काय," मी म्हणालो, "बसल्याजागी काहीही लिहितात."

हे आठवलं की अजून माझे कान गरम होतात. मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही, पण ज्या माउलीचं अन्न पोटात आहे तिच्यासमोर इतकं स्वस्त खोटं कधी बोललो नव्हतो.

हात धुवायला मागे गेलो आणि तिथेच, मोरीपाशी उभा राहून, ओल्या बोटांनी ते लिहिलेलं काढून टाकलं. एक तारा गेला, ओळी गेल्या. मनात म्हटलं, मिटलं. बसवाल्याचं काय, हा प्रश्न मी मनात येऊ दिला नाही. निघताना माईंनी केळीच्या पानात बांधलेली पुडी हातात दिली. भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी. "वाटेत खा. काल उपाशी गेलात ना," म्हणाल्या. इक्बालभाईंनी स्टँडपर्यंत पिशवी आणून दिली. मी नको नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही.

परतीच्या एसटीत शेजारी मलकापूरचा एक शिक्षक होता, बायको आणि लेकीला घेऊन रत्नागिरी बघून निघालेला. साखरप्याच्या पुढे त्याला चटणीचा वास लागला. "वा, कुठली हो ही? आम्हाला दोन दिवस कुठे धड जेवण मिळालं नाही." मी माईंचं नाव सांगितलं. आता मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो, जणू त्या दोन चुली मीच लावून दिल्या होत्या. तो म्हणाला, "थांबा, दिवाळीनंतर परत यायचंय, लिहूनच ठेवतो," आणि त्याने फोनवर नकाशा काढला.

थोडा वेळ वाचून त्याने भुवया वर केल्या. "अहो, इथे तर एकाने वेगळंच लिहिलंय. 'वरच्या गृहस्थांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. दोन्ही हॉटेलांची भांडणं आहेत असं कळलं. आम्ही जाणार होतो, बेत रद्द केला.'" त्याने अंगठ्याने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "पण वर तर कोणीच नाही. हे वरचे गृहस्थ म्हणजे कोण?"

माझं मी काढलं होतं. पण माझ्या लिहिण्याला दुसऱ्याने दिलेला होकार नकाशावर तसाच राहिला होता आणि तो मला काढता येत नव्हता. न गेलेल्या माणसाने न पाहिलेल्या बायकांबद्दल माझ्या भरवशावर लिहिलं होतं.

"मी," मी म्हटलं.

"काय?"

"वरचे गृहस्थ म्हणजे मी."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने फोन खिशात टाकला आणि लेकीला खिडकीतून घाट दाखवायला लागला. मलकापूरला ते तिघं उतरून गेले. पुडी माझ्या मांडीवर तशीच होती.

सांगलीला पोचलो तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. बायकोने विचारलं, कसा झाला प्रवास. मी चपलाही न काढता ओट्यापाशी उभा राहून बापूने दिलेला नंबर लावला. जो नंबर काल सकाळी लावला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

माईंनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. सांगलीचा खवय्या मी. कोल्हापूरकडचा म्हणालो तेही खोटं. बसवाल्याचा नंबर द्या, मी त्याला स्वतः सांगतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याने तिकडे पैसे भरून टाकलेत. आता तो काय ऐकणार. सांगून बघा हवं तर." आणि पुढे, "इक्बाल म्हणाला होता मला, हेच असतील म्हणून. मी त्याला गप्प केलं. म्हटलं, आपल्या पानावर जेवलेला माणूस आहे, असता तर बोलला असता."

मी म्हटलं, "माई, माझं चुकलं."

"ते झालं माझ्यापुरतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पण बस आली असती तर ती दोघींची होती. आणि गिऱ्हाईक पळवणारा तुम्ही तिच्या नवऱ्याला ठरवलंत, मला नाय. ती इथेच आहे, भांडी घासतेय. थांबा."

मला वाटलं होतं, त्या माझा निरोप तिला सांगतील. पण त्यांनी फोन तिच्या हातात दिला. बांगड्यांचा आवाज आला, हात पुसल्याचा आला आणि मग हसीनाभाभी म्हणाल्या, "हां, बोला."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.