रेवानं पाठवलेली दोन चित्रं

उज्जैनला माझी सख्खी बहीण राहते, तिलाही हे ठाऊक नाही. ऑफिसात बावीस वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही मी बाकी सगळं बोलते आणि एवढं सोडून देते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या इथे भोपाळात, दहा नंबरच्या बाजारात समोरून आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही — हाही भित्रेपणाच म्हणा. म्हणा, हरकत नाही.

मी साकेत नगरात एका घराच्या वरच्या खोलीत राहते, अकरा वर्षं झाली. शेजारच्या मोठ्या इस्पितळात जुन्या फायली सांभाळते. कुणाला कोणता आजार होता, कधी आले, कधी गेले — सगळं माझ्याकडे ओळीनं लावलेलं असतं. लग्न केलं नाही. केलं नाही की झालं नाही? आता विचारायलाही कुणी उरलेलं नाही.

खाली घरमालकीण, लीलाकाकू. त्यांचे यजमान इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, बदलीनं साताऱ्याहून आले आणि इथेच वारले. काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. भोपाळात चाळीस वर्षं काढली, तरी त्यांचं मराठी साताऱ्याचंच. माझं माळव्यातलं मराठी ऐकून त्यांना हसू येतं. "'चाय बनवली' नाही गं वसू, 'चहा केला'." मी मुद्दाम पुन्हा तसंच म्हणायची. रविवारी सकाळी आठला आमचा चहा एकत्र असायचा, त्यांच्या स्वयंपाकघरात. आठवड्यातला तेवढा एक तास माझी कुणीतरी वाट पाहतंय असं मला वाटायचं.

काकूंना एकच मुलगी, रेवा. मी राहायला आले त्याआधीच ती नोकरीसाठी बेंगळुरूला गेली होती. मी राहते ती खोली तिची. कपाटाच्या दाराला आतून तिनं लहानपणी चिकटवलेली फुलपाखरं अजून आहेत, मी ती काढली नाहीत. रेवाचं लग्न झालं, आणि दीड वर्षानं ती नवऱ्याचं घर सोडून निघाली. काकूंनी सासरच्यांची बाजू घेतली. फोनवर मोठमोठ्यानं बोलणं झालं. मी तेव्हा तिथेच होते, वाटीभर साखर मागायला आले होते. शेवटी काकू म्हणाल्या, "यापुढे माझ्याशी एक शब्द बोलू नकोस." रेवा त्यांचीच मुलगी. ती तीन वर्षं एक शब्द बोलली नाही.

मग काकूंनी मोठा फोन घेतला, गॅस बुक करायला आणि पेन्शनचे कागद बघायला. व्हॉट्सअॅप मीच घालून दिलं. आठवडाभरानं, रविवारी, चहा गाळत असताना तो वाजला. रेवाकडून एक चित्र आलं होतं. अक्षर नाही, नाव नाही, नुसता पिवळा सूर्य. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मग एकदम हसल्या. "शब्द बोलू नकोस म्हटलं होतं ना मी? नाही बोलली कार्टी!" त्यांचे डोळे भरून आले होते. चहा उतू गेला, मीच गॅस बंद केला.

त्यानंतर दर रविवारी एक चित्र यायचं. काकू एक चौरेघी वही घेऊन बसायच्या. औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून गोल काढायचा, त्यात पेन्सिलीनं तो चेहरा, आणि खाली मी सांगेन तो अर्थ. मला हे येत होतं; ऑफिसच्या ग्रुपमध्ये पोरंपोरी दिवसभर हेच करत असतात. डोळ्यांतून पाणी येतंय ते रडणं नव्हे, हसून हसून आलेलं पाणी, कुणी गेल्याच्या बातमीवर हे टाकू नका — हे सांगितलं तेव्हा काकूंनी कपाळावर हात मारला, त्या परवाच टाकून बसल्या होत्या. डोळे झाकलेलं माकड म्हणजे लाजणं. उलटा चेहरा म्हणजे वरवर हसणं, आतून वैतागणं. काकूही उत्तर पाठवायच्या. कधी चहाचा कप, कधी आंबा. चारपाच महिने मी सगळं खरं सांगितलं. यानं मला काही सूट मिळावी असं नाही. तसं झालं म्हणून सांगितलं, इतकंच.

एका रविवारी काकू वहीत डोकं घालूनच म्हणाल्या, "रेवा परत आली तर वरच्या खोलीला रंग द्यायला हवा."

मी म्हटलं, "हो ना."

मी आणखी एक बिस्किट घेतलं. तुम्ही म्हणाल, भोपाळात खोल्यांचा काय तुटवडा आहे? नाही. खोली मिळाली असती. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रविवारी आठ वाजता माझ्या नावाचा कप मिळाला असता का? मला रेवाचा हेवा वाटला. स्वच्छ, सरळ हेवा. जिला मी दोनदाच पाहिलं होतं, जिनं माझं काही घेतलं नव्हतं — उलट तिच्याच कपाटात माझे कपडे होते.

पुढच्याच रविवारी ती दोन चित्रं आली. पहिलं घर. त्याला लागून एक चेहरा: मोठाले ओले डोळे, वर गेलेल्या भुवया, इवलंसं तोंड.

काकूंनी चष्मा पुसला. "घर कळलं. हे तोंड कसलं गं?"

तुम्हाला कळलं ना? मलाही कळलं. त्यात न कळण्यासारखं काय होतं? लहान मूल दाराशी उभं राहून करतं तसा चेहरा. मी घरी येऊ का, असं विचारत होती ती. मला एका क्षणात कळलं. पुढे मी जे बोलले ते भांबावून बोलले नाही, घाईत बोलले नाही. मी आधी चहाचा घोट घेतला.

मी म्हटलं, "चिडवतेय, काकू. हे तोंड वेडावून दाखवताना करतात. तुझ्या त्या घराचं मला काय कौतुक, असं."

सांगून झालं. इतक्या लांबून फिरत फिरत आले, आणि ते एवढंच आहे, दोन-तीन वाक्यांचं.

काकूंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. "घराला वेडावते? बापानं बांधलेल्या घराला?" त्यांचं तोंड लाल झालं. मला त्यांचा राग माहीत होता, म्हणून तर मी नेमकं घराचं नाव घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "कुलूप आहे का गं यात?"

आहे. वस्तूंच्या रांगेत, हातोड्यांच्या आणि किल्ल्यांच्या जवळपास. मी त्यांना शोधून दिलं. दाबलं त्यांनीच. बोट त्यांचं होतं — हे वाक्य मी मनाशी किती वेळा म्हटलं असेन, कशाला म्हणते तेही ठाऊक आहे. कुलूप गेलं. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, म्हणजे रेवा फोन हातात धरून बसली होती. नंतर काकूंनी वहीत तो ओल्या डोळ्यांचा चेहरा काढला, फार सुरेख काढला, आणि खाली लिहिलं: वेडावणे.

त्या दिवशी मला वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. मी वर आले, कपडे धुतले, वाळत घातले. भाजी आणली. काही वाटलं नाही. अजूनही ते आठवताना पाय मुंग्या येऊन बधिर होतो तसं काहीतरी होतं, आणि मी उठून कामाला लागते.

तीन रविवार काही आलं नाही. चौथ्याला जोडलेले हात आले. काकूंनी मला विचारलंसुद्धा नाही. "कोपरापासून नमस्कार घालतेय बाईसाहेब," त्या म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. ती माफी होती. कुलूप मिळाल्यावरही मागितलेली माफी. मी 'नाही हो काकू' एवढं जरी म्हटलं असतं! मी साखर ढवळत बसले.

त्यानंतर महिन्याभरानं रेवाचा मला फोन आला. काकूंच्या मोतीबिंदूच्या वेळी मीच तिला कळवलं होतं, त्यामुळे माझा नंबर तिच्याकडे होता. दुपारची वेळ, मी फायलींच्या खोलीत उभी. ती म्हणाली, ती नोकरीसाठी परदेशी चालली आहे, हा तिचा नवा नंबर, जुना महिनाअखेर बंद होईल. मग विचारलं:

"वसुधाताई, आईला ती चित्रं कळतात ना? ते कुलूप... मला वाटत होतं, चुकून दाबलं गेलं असेल. म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं. तसंच असेल ना?"

बघा, ती मला उत्तर हातात देत होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. खोटं म्हटलं तरी चाललं असतं, तेही पुण्याचं ठरलं असतं! मी म्हटलं, "चुकून नाही. त्यांनी मुद्दाम पाठवलं. चित्रांचे अर्थ मीच शिकवलेत त्यांना." यातला एकही शब्द खोटा नव्हता. इतकं खरं मी एरवी बोलत नाही.

ती म्हणाली, "बरं. मग हा नंबर तिला देऊ नका." आणि मला काळजी घ्या म्हणाली. काकूंना नाही, मला.

दीड वर्ष गेलं. रविवारचा चहा होत राहिला. काकू बारीक झाल्या. वही मात्र सोडली नाही. कॉलनीतल्या बायका भजनाला जमल्या की त्या ती काढून शिकवायच्या. अशाच एकदा पलीकडच्या गल्लीतल्या सक्सेना भाभींनी तो चेहरा पाहिला आणि खो खो हसल्या. "अरे दीदी, ये क्या लिख दिया! ये तो मेरी पोती रोज़ भेजती है, जब कुछ चाहिए होता है. ये मनाने वाला मुँह है. प्लीज़-प्लीज़ वाला."

मी तिथेच होते, बायकांना पन्हं देत होते. काकूंनी वही मिटली, सगळ्यांना प्रसाद वाटला.

संध्याकाळी त्या वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नाहीत. दर पायरीला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मी पलंगावर बसून तो ऐकत होते, मदतीला उठले नाही. मला वाटलं, झालं, आता सुटले. त्या माझ्याशेजारी बसल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, "घरी येऊ का म्हणून विचारत होती पोर. आणि मी कुलूप दाखवलं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुला तरी बिचारीला काय ठाऊक असणार? अंदाजानंच सांगत होतीस ना तूही. चुकतं माणूस. तू मनाला लावून घेऊ नकोस हं वसू."

मी म्हटलं, "हो काकू. चुकलंच माझं."

त्यांनी माझे डोळे पुसले. तेव्हा मी रडत होते. चिडवतेय म्हणून सांगितलं, त्यापेक्षा मला हे जड जातं. त्या माउलीनं माझी समजूत काढली, आणि मी ती काढू दिली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, रेवाला पहिल्यांदा शब्दांत लिहिलं. 'रेवा, घरी ये. तुझ्या चित्राचा अर्थ मला कळला नव्हता. आई.' जुन्याच, बंद झालेल्या नंबरवर. त्यांना दुसरा ठाऊक नाही. साताऱ्याच्या नातेवाइकांकडे विचारलं, कुणाकडे नाही. तो नंबर फक्त माझ्याकडे आहे. दिला, तर रेवा आईशी बोलेल. बोलली, की वसुधाताईंनी मला काय सांगितलं होतं ते निघेल. चुकून नाही, मुद्दाम पाठवलं — असं ज्या बाईनं सांगितलं तिचं चुकलं होतं, असं मग कोण म्हणेल?

मी तो दिलेला नाही. काकू आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रविवारी आठला मी खाली जाते. त्या माझा कप भरतात आणि फोन माझ्यापुढे सरकवतात. "वसू, अजून एकच टिक आहे का बघ गं. मला नीट दिसत नाही."

मी बघते आणि सांगते, एकच आहे.