काच तडकली तेव्हा सरांनी विमान माझ्या हाती दिलं

कॅप्टन सलीम सर गेले.

काल दुपारी, बीडच्या घरी, चहा पिता पिता. हार्ट.

मी बीड जिल्ह्यातल्याच नांदूरघाटची. सर भेटले तेव्हा नवीनच को-पायलट झालेली. सर बीडचे, वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. पहिल्याच दिवशी त्यांनी गाव विचारलं, आणि इंग्रजी सोडून थेट आपल्या बोलीवर आले.

ट्रेनर म्हणून मात्र कडक.

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, खोटा धूर सोडला की माझा हात आधी चेकलिस्टकडे जायचा. सर तिथंच थांबवायचे.

"आधी मास्क. तुलाच श्वास न्हाई, तर इमान कोण उतरवणार?"

डोळे मिटून मास्क लावायला लावायचे. पुन्हा पुन्हा. मला लई राग यायचा.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस.

सर आणि मी एकाच फ्लाइटवर होतो, उतरायला वीसेक मिनिटं होती. आधी जळक्या वायरचा वास आला. मग सरांच्या समोरच्या काचेच्या कोपऱ्यात ठिणग्या, आणि धूर. काच गरम ठेवणारी वायर जळत होती.

मास्क कधी लावला, मला आठवत नाही. पण लावला होता.

मी रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा संदेश दिला. सरांनी काचेचं हीटिंग बंद केलं. ठिणग्या थांबल्या, पण तेवढ्यात काच तडकली. त्यांच्या बाजूनं समोरचं काहीच दिसेना.

मास्कमधून सरांचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"मला समोरचं दिसत न्हाई. तुला दिसतंय. तू उतरव. मी आकडे वाचतो."

"सर, मी..."

"तूच."

ते उंची आणि स्पीड वाचत गेले. मी समोरून नजर हलवली नाही.

उतरलो. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर. सर सर्वांत शेवटी उतरले.

चौकशीत त्यांना विचारलं, एवढ्या नवख्या मुलीच्या हाती विमान कसं दिलं?

सर म्हणाले, जिला दिसत होतं तिच्या हाती दिलं.

आज त्यांच्या घरी जाऊन आले. सरांच्या पत्नी, भाभी, म्हणाल्या, त्या दिवसाचं त्यांनी घरी कधी नीट सांगितलंच नाही. नुसतं म्हणाले, थोडा धूर झाला होता.

मग मीच सांगितलं. पहिल्यापासून. भाभी माझा हात धरून ऐकत राहिल्या.

परवा माझी फ्लाइट आहे. सुट्टी घेतलेली नाही.

तुम्हाला जन्नत नसीब होवो, सर.

तुमच्या नांदूरघाटच्या पोरीचा अखेरचा सलाम.