चहाच्या डब्याचं झाकण

तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणूनच बहुधा सांगायला जमेल. बायकोला हे सांगितलेलं नाही. देवापुढं उभा राहिलो की बाकीच्या सगळ्या चुका रांगेनं आठवतात — ही तेवढी बरोबर मागं राहते. एकोणीस वर्षं झाली.

मी डेंटर आहे. गाडीचा चेपलेला पत्रा सरळ करणारा माणूस. साताऱ्याहून कोरेगावला जाताना डाव्या हाताला माझी शेड लागते. पाटीवर नाव मात्र माझं नाही, दत्तूआण्णांचं आहे. येणारी-जाणारी माणसं म्हणतात, बघा, शिकवलेल्या माणसाचं नाव अजून पुसलं नाही यानं. मी मान हलवतो. काय सांगणार?

आधी आण्णांबद्दल सांगतो. (हे मी मुद्द्यापासून लांब जायला करतोय, असं तुम्हाला वाटेल. खरं आहे ते.) बारावीत आपटलो आणि विसाव्या वर्षी आण्णांकडं लागलो. नव्या गाड्यांच्या पत्र्याला आण्णा पापड म्हणायचे. पण जुनी, जाड पत्र्याची गाडी दारात आली की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू माहेरचं माणूस आलंय. पत्रा बदलायचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. "पत्र्याला आपला मूळ आकार ठावा असतोय," म्हणायचे, "आपुन नुसती आठवण करून द्यायची." आतल्या बाजूनं लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलकी हातोडी. टक, टक, टक — दिवस दिवस. गॅसची ज्योत अगदी शेवटी, तीही रुपयाएवढ्या जागेवर, आणि लगेच वर ओलं फडकं. खड्डा बुजवायची पुट्टी नखाएवढी जाड झाली तरी ते म्हणायचे, "तमाशाला उभी करायची हाय का गाडी?"

गाडी रंगाला जायच्या आधी आण्णा दोन गोष्टी करायचे. दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक पत्र्यावर फिरवायचे. खाली नुसती पुट्टी असेल तर तो चिकटत नाही, निसटतो. मग डोळे मिटून तळहात फिरवायचे. आणि शेडचा एक नियम होता — शेवटचा हात ज्याचा, काम त्याचं. ठोकलं कुणीही असो, पुढं काही वाईट निघालं तर बोलणी शेवटच्या हातानं खायची. तो हात कायम आण्णांचा असायचा. किती मोठ्या मनाचा नियम, नाही का? मी त्याच नियमाच्या आड लपलो.

गाडी कवठे महांकाळकडून आली होती. मालक लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. गाडी कोणती ते सांगत नाही. सांगितलं तर त्या भागातली निम्मी माणसं बोट दाखवून नाव घेतील. काळी, गोल बोनेटची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. उसाची ट्रॉली मागं घेताना तिच्या डाव्या मडगार्डला लागली होती. परातीएवढा खड्डा. सांगलीत सगळ्यांनी सांगितलं, मडगार्डच बदला. दुसरं मडगार्ड भंगारातही मिळेना. शेवटी आण्णांचं नाव ऐकून सुभेदार एवढ्या लांब आले. मुलाची वरात त्याच गाडीतून काढायची होती.

आण्णांनी निम्मा खड्डा चार दिवसांत वर आणला. मग त्यांना औंधला जावं लागलं — नातवाचं जावळ होतं, यमाईच्या डोंगरावर. दोन दिवसांचं काम. जाताना मला बजावून गेले, "त्या दुसऱ्या गाडीची दारं कर. मडगार्डाला हात लावू नगंस."

मी लावला.

का लावला? घाई नव्हती, लग्नाला अवकाश होता. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो आणि मला वाटायला लागलं होतं की आता मलाही येतं. आण्णा परत येतील, मडगार्ड आरशासारखं झालेलं बघतील, माझी पाठ थोपटतील — असं काहीतरी डोक्यात होतं. चांगुलपणाचा मुलामा देत नाही, पण होतं ते हेच. टक टक करत बसायला मला धीर नव्हता. मी गॅस पेटवला. रुपयाएवढ्या जागेऐवजी बशीएवढी जागा लालभडक केली, आणि तशीच ठोकली. पत्रा आधी फुगला. अजून ठोकला, तर चार बोटं लांब फाटला.

फाटलेला पत्रा म्हणजे काही जग बुडत नाही. आण्णा आल्यावर सांगायचं, शिव्या खायच्या, तेवढा भाग कापून तुकडा जोडायचा. माझ्या आधीही कितीतरी जणांनी आण्णांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, कुणी मेलं नव्हतं. तरी मी घाबरलो. मी ती जागा आत दाबली, आतून डांबरी रंगाचा जाड थर फासला आणि बाहेरून पुट्टी भरली. नखाएवढी नाही — अर्धा इंच.

मग लोहचुंबक आठवला.

आता तुम्हाला कळलं असेल मी कुठं चाललोय ते. शेडमध्ये चहाच्या पुडीचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर मधोमध उठावाचं फूल असलेला. ते झाकण मी घेतलं, कडा ठोकून सपाट केल्या, फूल आतल्या बाजूला करून ओल्या पुट्टीत दाबलं आणि वरून कागदाएवढा पातळ थर ओढला. घासून गुळगुळीत केलं. अस्तराचा करडा रंग मारून टाकला. खोटं सांगत नाही — तोवर केलेलं माझं सगळ्यात सफाईदार काम तेच होतं.

आण्णा प्रसाद घेऊन आले. मडगार्डावर अस्तर बघून आधी भडकले, मग मडगार्डापाशी वाकले. लोहचुंबक फिरवला. तो टच्चकन चिकटला. मग डोळे मिटून तळहात फिरवायला लागले, आणि त्या जागेवर हात थांबला. पुढं गेला, परत आला. परत थांबला.

"हितं पत्रा गार लागंना रं," म्हणाले.

काय हात होता तो! लोहचुंबकाला मी फसवलं होतं, त्या हाताला फसवता आलं नव्हतं. त्या क्षणी मी नुसता गप्प जरी राहिलो असतो, तरी आण्णांनी मडगार्ड खरवडून काढलं असतं. मी गप्प राहिलो नाही. म्हणालो, "ऊन आलं हुतं त्येच्यावर, आण्णा. आन् चुंबक चिकटला की."

त्यांनी आपल्या तळहाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. "व्हय," म्हणाले, "चिकटला खरा." आणि गाडी रंगाला दिली.

त्यानंतर बरेच दिवस आण्णा ते झाकण शोधत होते. डब्यावर कागद ठेवून रबर लावायचे आणि प्रत्येक चहाला म्हणायचे, झाकणाला काय पाय फुटलं काय? मीही त्यांच्याबरोबर बाकड्याखाली वाकून शोधायचो. हसू येतं? मलाही तेव्हा आत कुठंतरी येत होतं, हेही कबूल करतो.

वरात झोकात निघाली. पावसाळा गेला आणि सुभेदार गाडी घेऊन परत आले. मडगार्डावर, झाकणाच्या बाजूला, फोड आला होता, रंग तडकून आतली पुट्टी दिसत होती. त्यांनी किल्लीनं टोकरलं, तर भुसा पडला. शेडमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सुभेदार ओरडले नाहीत, हळूच बोलले, ते जास्त लागलं. "आण्णा, तुमच्या नावावर एवढ्या लांब आलो हुतो. तुमी बी पुट्टीच भरता व्हय?"

आण्णांनी मला फक्त एकच विचारलं, किती भरली होतीस. मी म्हणालो, "थोडीच. तुमी हात फिरवून बघितलं हुतं की."

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवतो. पत्रा फाटला तो उतावळेपणानं. झाकण घातलं ते भीतीनं. पण हे वाक्य? हे मी जाणूनबुजून, शेडचा नियम डोळ्यांसमोर ठेवून बोललो. शेवटचा हात त्यांचा होता, आणि ते तो नाकारणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

आण्णा सुभेदारांसमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या हाताखालनं गेलं. हात गेला माझा." मला म्हणाले, तू नीट करून दे. मी वरवर खरवडून, झाकणाला धक्का न लावता, परत भरलं आणि रंगवलं. तेवढ्यावर सुभेदार खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, आता हात ह्या पोराचा. आण्णा बाहेर बाकड्यावर बसले होते. ऐकलं त्यांनी.

आठवड्याच्या आत त्यांनी हातोडी माझ्या हवाली केली. तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते, धडधाकट. त्यांच्या वयाची माणसं अजून काम करतात. नंतर कधी शेडकडं आलेच, तर गाडीला हात लावायचे नाहीत. एखादा हात सवयीनं पुढं यायचा आणि अर्ध्यात मागं जायचा. ते मी बघायचो. बघून दुसऱ्या कामाला लागायचो.

गेल्या महिन्यात ती गाडी परत आली. सुभेदार वारले; त्यांची मुलगी सांगलीला असते, तिला वडिलांची गाडी पहिल्यासारखी करून हवी आहे. सुभेदार फक्त दसऱ्याला पूजा करून एक फेरी मारायचे, एरवी कापडाखाली झाकून ठेवायचे, म्हणून माझं ढोंग एवढी वर्षं टिकलं. ती म्हणाली, "बाबा सांगायचे, तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा हात शेवटी गेला होता, पण तुम्ही सांभाळून घेतलं." मी म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं." इतकं सहज आलं तोंडातून, पाणी मागावं तसं.

ती गेल्यावर मडगार्ड खरवडलं. झाकण निघालं. कडेनं गंज खाल्लेलं, पण मधलं फूल शाबूत. सडलेला भाग कापला, नवा तुकडा जोडला, आणि बारा दिवस आण्णांच्या पद्धतीनं थंडच ठोकत बसलो. पुट्टी भरली नाही. मग झाकण खिशात घालून कोरेगावला आण्णांच्या घरी गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो, खरंच.

आण्णा आता ऐंशीचे आहेत, डोळ्यांना फारसं दिसत नाही. तोंडानं सुरुवात होईना, म्हणून झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फुलावरून अंगठा फिरवला.

"हे आपल्या चहाच्या डब्याचं झाकण न्हवं?"

मी हो म्हणालो. त्यांचं बोट सपाट केलेल्या कडेवरून हळूहळू फिरत राहिलं. "ठोका तुझा हाय ह्यो. शेवटाला मनगट उजवीकडं जातंय तुझं, कितींदा सांगितलं हुतं. कशाला ठोकलंस रं ह्येला?"

यापेक्षा सरळ प्रश्न कुणी विचारायचा? उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं.

"असंच, आण्णा. सरावाला."

आण्णा हसले. "हात वळखतोय म्हणायचा अजून." मग झाकण बाजूला ठेवलं, तळहात मांडीवर उताणा टाकला आणि म्हणाले, "खरं भरवसा न्हाई गड्या ह्येचा. सुभेदाराच्या गाडीला फसला, त्यो फसलाच."

काकूंनी चहा आणला. तो हात कधीच फसला नव्हता. हे ठाऊक असलेला एकच माणूस जगात होता, आणि तो आण्णांच्या समोर बसून बशीत चहा ओतत होता.